ओढणारी गाडी पारखताना

पहाटे चारच्या सुमारास मुलुंडच्या चेकनाक्यापाशी कधी उभे राहून पाहिले आहे काय? नाशिक, इगतपुरी, शहापूर, भिवंडीकडून येणाऱ्या पिकअप गाड्यांची रांग तिथे लागलेली असते. कुणाच्या पाठीवर कोथिंबिरीच्या जुड्या, कुणाच्या पाठीवर टोमॅटोचे क्रेट. उजाडल्यावर ह्याच जातीच्या गाड्या उपनगरात दुसरीच कामे करताना दिसतात. घाटकोपरला एखादी पिकअप चाकांवरचे जनित्र मागे जोडून लग्नाच्या मांडवाकडे निघालेली असते. अंधेरीला दुसरी गाडी बांधकामाचा मिक्सर ओढत असते. गणेशोत्सवात बोरिवलीपासून वर्सोव्यापर्यंत मूर्तींच्या ट्रॉल्या ओढायला पुन्हा ह्याच गाड्या. आणि एखादी बंद पडलीच, तर दुसरी गाडी तिला दोर बांधून टोचन करून गॅरेजपर्यंत नेते.

तेव्हा पिकअप ही नुसती वाहणारी गाडी नाही, ती ओढणारीही गाडी आहे. आणि इथेच आपली फसगत होते. गावाकडचा माणूस नवी किंवा जुनी पिकअप घ्यायला मुंबईच्या उपनगरात येतो, दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "किती हॉर्सपॉवर?" आणि दुसरा विचारतो, "ॲव्हरेज किती?" प्रश्न दोन्ही बरोबर आहेत, पण ते पहिले आणि दुसरे नव्हेत. मागे ट्रेलर जोडून जी गाडी चालवायची, तिच्याबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा की ही गाडी एवढे वजन थांबवील काय? चढ ही इंजिनाची परीक्षा असते. उतार ही सगळ्या गाडीची परीक्षा असते. आज आपल्याला बोलायचे आहे ते ह्याच एका गोष्टीवर.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. भरली गाडी चढावर चढवताना बैल मान खाली घालून, खुर रोवून ओढतात. आपण त्यांना हाळी देतो, वेळ आली तर चाकाला हात लावतो. पण त्याच गाडीसह उतार लागला की आपला जीव वर-खाली होतो, कारण आता बैल गाडीला ओढत नसून गाडी बैलांना ढकलत असते. जू मानेवर चढू लागते. म्हणून शहाणा गाडीवान उताराच्या आधीच गाडी थांबवतो, बैलांना दम घेऊ देतो, मग एकेक पाऊल टाकीत उतरतो. पिकअपला बैल नाहीत, पण नियम तोच आहे.

तो आकड्यांत मांडून पाहू. समजा, तुमची गाडी रिकामी असताना 1700 किलोची आहे. पाठीवर 1200 किलो माल घातला आणि मागे 1100 किलोचा भरलेला ट्रेलर जोडला. बेरीज झाली 4000 किलो. आता वीस मीटर चालले की एक मीटर चढणारा रस्ता घ्या. अशा चढावर हे सगळे ओझे सुमारे 200 किलोच्या जोराने गाडीला मागे खेचते. इंजिनाला तेवढा जोर लावावा लागतो, आणि बहुतेक इंजिने तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लावतात. पण परत येताना तोच रस्ता उतार होतो, आणि तेच 200 किलो तुम्हांला पुढे ढकलू लागतात. चढाला जोर कमी पडला तर गाडी थांबते; फार तर तास मोडतो, माल उशिरा पोचतो. उताराला जोर कमी पडला तर गाडी थांबत नाही. हा फरक आहे.

शिक्षक मित्रांनी वर्गात करण्यासारखा एक हिशेब सांगतो. 4000 किलोचे हे ओझे 300 मीटर उंचीवरून खाली उतरवायचे, म्हणजे जी शक्ती मोकळी होते ती कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडली पाहिजे. किती उष्णता? 30 अंशांवरचे चाळीस लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. हंडाभर पाणी चुलीवर तापवायला किती लाकूड लागते ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. तेवढी आग चार चाकांच्या ब्रेकनी काही मिनिटांत गिळायची आहे. म्हणूनच घाट उतरताना ब्रेक लायनर जळाल्याचा वास येतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. जुने झालेले तेल लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागून तळाला जाते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे तेल दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. खर्च काही शेकड्यांचा असतो. पण पुष्कळ माणसे इंजिन ऑइल वेळेवर बदलतात आणि ब्रेक ऑइल जन्मभर तसेच ठेवतात.

ह्याला उपाय काय? पहिला उपाय फुकटचा आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. मग इंजिन स्वतःच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार पुष्कळ हलका होतो. दुसरा उपाय वेगाचा. वेग दुप्पट केला की थांबवायची शक्ती चौपट लागते. तीस किलोमीटरच्या वेगाने जो ट्रेलर सहज थांबतो, तो साठच्या वेगाला चौपट हट्टी होतो. आणि तिसरा उपाय म्हणजे ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे.

ह्या तिसऱ्या उपायाचे महत्त्व किती, हे परदेशातल्या एका आकड्यावरून ध्यानात येते. टोयोटाची हायलक्स ही पिकअप 2022 पासून आपल्याकडेही विकली जाते. ऑस्ट्रेलियात शेतकरी ह्या जातीच्या गाड्यांमागे गुरांचे ट्रेलर, होड्या जोडतात. तिथे चारही चाकांनी ओढणाऱ्या हायलक्सला ब्रेक असलेला ट्रेलर 3500 किलोपर्यंत ओढण्याची मुभा आहे. ब्रेक नसलेला ट्रेलर असेल तर? फक्त 750 किलो. गाडी तीच, इंजिन तेच, चासी तीच. आकडा मात्र पाचव्या हिश्शाच्याही आसपास खाली आला. कशामुळे? केवळ ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही म्हणून. इंजिनाच्या ताकदीचा त्यात संबंधच नाही. युरोपातही 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असलाच पाहिजे असा दंडक आहे. आपल्याकडच्या गल्लीबोळांत हजार-बाराशे किलोचे मिक्सर बिनब्रेकचे ओढले जातात, ते पाहिले की अंगावर काटा येतो. पुढची गाडी अचानक थांबली, वळणावर ब्रेक दाबला, की मागचे ओझे पुढच्या गाडीला आडवी ढकलते आणि दोन्ही मिळून कात्रीसारखी मिटतात.

रेल्वेचे लोक ह्या बाबतीत आपल्यापेक्षा सावध. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारा थळ घाटाचा लोहमार्ग 37 मीटरला एक मीटर असा चढतो, आणि तिथे गाड्यांना जादा इंजिने लावण्याची जुनी रीत आहे. चढाची काळजी एवढीच. पण बोरघाटाच्या उतारावर त्यांनी ब्रेक तपासण्याचे नियम घातले आणि एखादी गाडी सुटलीच तर तिला चढावर नेऊन थोपवणारे आडमार्गही बांधून ठेवले. ज्यांच्यामागे शेकडो टन असतात ते चढाला इंजिन जोडतात आणि उताराला शंका घेतात. आपणही तेच करावे.

आता गाडीच्या निवडीकडे वळू. ओढणारी गाडी म्हणजे काय, हे मुंबईच्या उपनगरांना नवे नाही. किंबहुना ह्या गाड्यांचे माहेर इथलेच म्हणावे लागेल. वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि घाटकोपरच्या शेजारी कुर्ल्याला त्या कारखान्यातून मोटारींबरोबर डॉज आणि फार्गो नावाचे ट्रकही बाहेर पडले. महिंद्र बंधूंची कंपनी 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. पुढे तिने मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि नंतर बोरिवलीच्या अलीकडे कांदिवलीला मोठा कारखाना उभा राहिला. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास ह्यांच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी निघाली, तिचे ट्रॅक्टरही कांदिवलीचेच. जीप आणि ट्रॅक्टर, दोन्ही ओढणारी यंत्रे.

त्या मूळ जीपचे इंजिन किती अश्वशक्तीचे होते ठाऊक आहे? अवघ्या साठ. दुसऱ्या महायुद्धात तेवढ्या बळावर ती चिखलातून ट्रेलर ओढीत असे. ते कसे जमले? एक तर तिची चासी शिडीसारखी होती: दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. दुसरे, तिला जादा खालचा गिअर होता, त्यामुळे वेग कमी होऊन जोर वाढे. तिसरे, गरज पडली की चारही चाके ओढत. म्हणजे शहाणपण अश्वशक्तीत नव्हते, सांगाड्यात आणि गिअरमध्ये होते. आजही पिकअप घेताना हेच तीन प्रश्न विचारायचे.

अश्वशक्ती आणि जोर ह्यांतला फरक थोडा समजावून घेऊ. विहिरीवरचा रहाट फिरवताना दांडा लांब असला की कमी श्रमात घागर वर येते. पण हात जास्त फिरवावा लागतो. पिळण्याच्या ह्या जोराला कारागीर टॉर्क म्हणतात. आजच्या छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचे असते, पण त्याचा टॉर्क 110 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तोही मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर. उलट बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन पंचाहत्तर अश्वशक्तीच्या जवळपासचे. पण त्याचा टॉर्क 200 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो दीड-दोन हजार फेऱ्यांनाच हाती येतो. ओझे जागचे हलवायला हाच जोर लागतो. तेव्हा पत्रक हातात घेतले की अश्वशक्तीच्या ओळीपाशी थांबू नका; टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांना मिळतो, ती ओळ वाचा. फेऱ्या जितक्या कमी, तितके ओढणे सोपे आणि क्लच प्लेट तितकी जास्त दिवस टिकेल.

क्लचचे नाव निघाले म्हणून सांगतो. उपनगरात गाडीचे आयुष्य घाटात जात नाही, गर्दीत जाते. अंधेरी-कुर्ला रोडवर किंवा पूर्व द्रुतगती मार्गावरच्या उड्डाणपुलाच्या चढावर पावलापावलाला थांबायचे आणि पुन्हा निघायचे. मागे टनभर ओझे असेल तर प्रत्येक वेळी क्लच घासतो, रेडिएटरमधले पाणी तापते. म्हणून क्लच प्लेट मोठी असणे, रेडिएटर आणि पंखा साफ असणे, ह्या बारीक वाटणाऱ्या गोष्टी ओढणाऱ्या गाडीत मोठ्या ठरतात.

आता वजनाची बाब. गाडीच्या नोंदणीपुस्तकात दोन आकडे असतात: रिकामे वजन आणि भरलेले वजन. भरलेल्यातून रिकामे वजा केले की पाठीवर किती घालता येईल ते कळते. पण ट्रेलर ओढताना आणखी एक वजन येते, ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ट्रेलर आपल्या नाकाने गाडीच्या हुकावर टेकलेला असतो. हे नाकावरचे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके असावे. आपल्या मघाच्या उदाहरणात ट्रेलर 1100 किलोचा, तेव्हा हुकावर 110 किलो आले. समजा, त्या गाडीला भरलेले वजन 3000 किलोपर्यंतच मंजूर आहे. रिकामी 1700, माल 1200, झाले 2900. तुम्हांला वाटेल, अजून शंभर किलोची सोय आहे. पण हुकावरचे 110 धरले की गाडी दहा किलोंनी जड झाली. ट्रेलर जोडला की पाठीवरचा माल तेवढा कमी केलाच पाहिजे.

हा दहावा हिस्सा आला कुठून? पुन्हा बैलगाडीकडे चला. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते. जू वर उचलते, बैलांचे गळे आवळतात, चाल बिघडते. पुढे जास्त भरला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून भरताना आपण जू हाताने उचलून अंदाज घेतो. ट्रेलरचेही तसेच. माल चाकांच्या मागे जास्त झाला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. एकदा हे सुरू झाले की चांगल्या चांगल्या ड्रायव्हरला आवरत नाही. आणि नाकावर फार वजन आले तर पिकअपचे मागचे पाटे बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हातात राहत नाही. म्हणून जड माल चाकांच्या वर आणि किंचित पुढे, हलका माल टोकांना. उलाळ गाडी बैलाला चालत नाही, ती डिझेललाही चालत नाही.

हुकाबद्दल दोन शब्द. हुक हा चासीलाच पक्का बसवलेला हवा. मागच्या बंपरला किंवा हौद्याच्या पत्र्याला झाळलेला हुक हा हुकच नव्हे. गाडीत फेरफार करायला परवानगी लागते, आणि ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा पैसा मिळताना अडचण येते. म्हणून घेण्यापूर्वीच कंपनीच्या अधिकृत दुकानात लेखी विचारा की ह्या गाडीने ट्रेलर ओढायला कंपनीची संमती आहे काय, आणि किती वजनापर्यंत. आपल्याकडच्या पत्रकांत ओढण्याचा आकडा पुष्कळदा छापलेला नसतो. तोंडी "काही होत नाही हो, बिनधास्त ओढा" हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. हुकाशिवाय दोन साखळ्याही हव्यात. त्या नाकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या बांधाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

टायरांकडे माणूस नक्षी पाहतो. वाचत मात्र नाही. मुलुंडच्या शेजारच्या भांडुपला सिएटचा टायरांचा जुना कारखाना आहे, तेव्हा ह्या भागाला टायरही परके नाहीत. टायरच्या बाजूवर आकडे उमटवलेले असतात. त्यांतला एक भाराचा अंक असतो. तो 100 असेल तर ते टायर 800 किलो पेलते. मागच्या दोन टायरांचे मिळून किती झाले, ते मागच्या आखावर येणाऱ्या वजनाशी ताडून पाहा. दुसरा आकडा चार अंकी असतो. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कोरी दिसते म्हणून आठ-दहा वर्षांचे वाळलेले टायर ओढणाऱ्या गाडीला घालू नये.

पुष्कळांना नवी गाडी परवडत नाही, आणि त्यात लाज मानण्याचे कारण नाही. जुनी गाडी चांगली निघते, फक्त ती खालून पाहायला शिकले पाहिजे. उपनगरातल्या जुन्या पिकअपचे दोन शत्रू: खारी हवा आणि खारे पाणी. वर्सोवा, मढ, गोराई, मनोरीकडे मासळी आणि बर्फ वाहिलेल्या गाडीचा रंग वरून चकचकीत असतो आणि चासी आतून पोखरलेली असते. एक छोटी हातोडी बरोबर न्या. चासीवर जागोजागी हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे. बद्द आवाज आला, पापुद्रा सुटला, तर ती गाडी नमस्कार करून सोडून द्या. मागचे पाटे जिथे चासीला जोडले आहेत तिथे चिरा किंवा ताजी झाळणी दिसते का ते निरखा. चासीच्या एवढ्याच भागाला नवा काळा रंग फासला असेल तर रंगाखाली काय आहे ते विचारा. आधीच्या मालकाने हुक लावला असेल तर त्याचे भोक गोल आहे की ओढून लांबट झाले आहे, ते पाहा. लांबट भोक तुम्हांला मालकापेक्षा खरे सांगेल.

क्लचची परीक्षा अशी. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, समोर कोणी नाही ह्याची खात्री करा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडले तर क्लच ठीक आहे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन फिरतच राहिले तर प्लेट गेली आहे. मग गाडी माल घालून चालवून पाहा. रिकाम्या गाडीला सगळेच गोड बोलतात. मागच्या डिफरन्शियलमधून वेग वाढवताना किंवा सोडताना घरघर येते का, ते कान देऊन ऐका. आणि गाडी पाहायला जायचे ते सकाळी, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली दुखणी लपवते.

टिकाऊ म्हणजे काय, ह्याचाही विचार करा. कधी न मोडणारी गाडी अजून जन्माला आलेली नाही. टिकाऊ गाडी म्हणजे मोडली तर तुमच्या तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी गाडी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्याही गाडीचा सुटा भाग मिळेल, पण तुमची गाडी बंद पडेल ती जव्हारच्या चढावर नाहीतर सिन्नरच्या पुढे, ऐन कांद्याच्या दिवसांत. म्हणून गाडी पसंत करण्याआधी गावच्या मिस्त्रीला विचारा: हिचे पाटे, क्लच प्लेट, ब्रेक लायनर इथे मिळतात काय? दोन गाड्या सारख्या वाटल्या तर ज्या गाडीला मिस्त्री ओळखतो ती घ्यावी. चार आणे कमी ताकदीची असली तरी ती वर्षात जास्त दिवस चालेल.

कायद्याचे थोडक्यात. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याने वेगळे वाहन आहे. त्याची नोंदणी, त्याचा क्रमांक, त्याचा विमा लागतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. जादा भाराला मात्र 2019 च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये ठरवले आहेत. मुलुंडचा जकात नाका 1 जुलै 2017 पासून उठला, पण वजनाचा काटा उठलेला नाही. शिवाय खरा काटा उतारावर असतो, आणि तिथे पावती फाडून सुटका होत नाही.

शिक्षक मित्रहो, गावात पत्रक वाचून दाखवायला आणि कर्जाचे कागद समजावून द्यायला अजूनही तुम्हांलाच बोलावतात. म्हणून हा विषय तुमच्या कानावर मुद्दाम घातला. वर्गात एक फळी तिरपी ठेवा. एका खेळण्यातल्या गाडीमागे दोऱ्याऐवजी काडीने दुसरी गाडी जोडा. मागच्या गाडीत दगड पुढे ठेवून सोडा, मग मागे ठेवून सोडा. पहिली सरळ उतरेल, दुसरी वळवळेल. जी मुले आज हे पाहतील, ती उद्या ह्याच गाड्या चालवणार आहेत.

तर सारांश असा. ओझे मोजा, पाठीवरचे, मागचे आणि हुकावरचेही. चासी खालून पाहा. टॉर्क कमी फेऱ्यांना मिळतो का ते वाचा. गावचा मिस्त्री गाडीला ओळखतो का ते विचारा. साडेसातशे किलोच्या वरचा ट्रेलर बिनब्रेकचा जोडू नका, मग दुकानदार काहीही म्हणो. आणि गाडी चालवून पाहायला जाल तेव्हा चढावर नेऊन खूश होऊ नका. माल घालून उतारावर न्या, खालच्या गिअरमध्ये सोडा आणि ब्रेक दाबा. गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. हप्ता चुकला तर बँक महिनाभर थांबते. उतारावरचे ओझे क्षणभरही थांबत नाही, आणि गाडीत बसलेला माणूस तुमच्याच घरचा असतो.